मनाचें दुखणें आणि घरचा डॉक्टर

शेतीच्या मासिकांत मनाच्या रोगांवर लेख कशासाठीं, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत सहज येईल. या पानांतून आपण बियाणें, खतें, विहिरी, पिकांवरील रोग आणि बाजारभाव यांविषयीं वाचीत असतों. मन हा विषय कीर्तनकाराचा, फार तर वैद्याचा, अशी आपली समजूत असते. परंतु थोडा विचार केल्यास असें दिसून येईल कीं, पेरणी आज करावी कीं चार दिवस थांबावें, कापूस आतां विकावा कीं घरांत ठेवावा, विहीर खोल करावी कीं तो पैसा मुलीच्या शिक्षणाला लावावा, असले निर्णय शेतकऱ्याला वर्षभर रोज घ्यावे लागतात, आणि ते घेणारें मन आजारी पडलें म्हणजे उत्तम जमीन, भरपूर पाणी आणि जातिवंत बैल असूनहि शेत मागें पडतें. तेव्हां हा विषय शेतीच्या बाहेरचा नव्हे.

दावणीच्या बैलानें एक वेळ वैरण सोडली, रवंथ थांबविला किंवा तो कान पाडून उभा राहिला, तर चांगला शेतकरी दुसऱ्या वेळेची वाट पाहत नाहीं. लागलीच गुरांच्या डॉक्टरास बोलावणें धाडतो. त्याच घरांतील कर्ता पुरुष महिना महिना नीट जेवत नाहीं, पहांटे तीन वाजतां जागा होऊन आढ्याकडे पाहत पडतो, ज्या उसाच्या फडांत जाण्यास त्याला पूर्वीं उत्साह वाटे तिकडे फिरकत नाहीं, हें सर्वांना दिसत असतें. परंतु ‘विवंचना आहे, होईल सगळें नीट,’ एवढें बोलून घरचीं माणसें गप्प राहतात. अशा माणसासहि डॉक्टरकडे नेलें पाहिजे. आणि तो डॉक्टर बहुतेक वेळां दूरच्या शहरांतला तज्ज्ञ नसून, आपल्या घरीं ताप-खोकल्याला औषध देणारा नेहमींचा डॉक्टरच असूं शकतो, हें वाचकांच्या ध्यानांत आणून द्यावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रश्न किती गंभीर आहे, हें एका आंकड्यावरून कळेल. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणें त्या एका वर्षांत देशांत शेतीवर पोट असणाऱ्या ११,२९० माणसांनीं, म्हणजे शेतकरी व शेतमजूर मिळून, आत्महत्या केल्या. त्यांपैकीं ४,२४८ एकट्या महाराष्ट्रांतील होत. या संकटाचीं कारणें अनेक आहेत. कर्ज, लहरी पाऊस, पडलेले भाव, घरांतील कलह आणि दारू हीं सर्व त्यांत येतात, आणि तीं गोळीनें बरीं होत नाहींत. तसा दावा कोणी करूंहि नये. परंतु एवढें खरें कीं, आजारी मनाला असलेली वाट देखील दिसत नाहीं. कर्जाच्या हप्त्यांची नवी बांधणी करून घेणें, पीकविम्याचा अर्ज वेळेवर देणें, भावाजवळ मोकळेपणानें बोलणें, एक एकर बटाईनें देऊन भार हलका करणें, या गोष्टी निरोगी माणसास सुचतात. खिन्नतेनें ग्रासलेल्या माणसास त्या कोणी सांगितल्या तरी निरर्थक वाटतात. मन बरें झाल्यानें कर्ज फिटत नाहीं. पण कर्ज फेडण्याची बुद्धि आणि उमेद परत येते.

दुखणें कसें ओळखावें

मनाचे रोग म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें वेडाचें चित्र उभें राहतें: भान हरपलेला, रस्त्यानें बडबडत जाणारा माणूस. असे तीव्र रोग आहेत. परंतु ते थोड्यांस होतात. त्यांच्या मानानें फार अधिक लोकांस होणारे विकार निराळेच आहेत. डॉक्टर लोक त्यांना सामान्य मनोविकार म्हणतात आणि त्यांत मुख्य दोन: एक खिन्नतेचा विकार, ज्याला हल्लीं सर्वत्र डिप्रेशन म्हणतात, आणि दुसरा चिंतेचा विकार. या रोग्यांचें भान पूर्ण शाबूत असतें. ते व्यवहार करतात, लग्नकार्यास जातात, हंसतात देखील. म्हणूनच ते आजारी आहेत हें कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

हे विकार बहुधा शरीराचा वेष घेऊन येतात. रोगी ‘माझें मन खिन्न आहे’ असें म्हणत नाहीं. तो म्हणतो, डोकें जड झालें आहे, छातींत धडधडतें, हातापायांची शक्ति गेली, पोटांत गुबारा धरतो, पाठीला मुंग्या येतात. स्त्रिया अंगावरून पांढरें जाणें, अशक्तपणा आणि कंबर दुखणें यांची तक्रार घेऊन येतात. हीं ढोंगें नव्हेत. दुखणें खरोखरच तेथें जाणवत असतें. १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत हिंदुस्थान, कोलंबिया, फिलिपाईन्स आणि सुदान या चार देशांतील लहान दवाखान्यांत आलेल्या १,६२४ रोग्यांची तपासणी केली होती. त्यांतील २२५ जण, म्हणजे शंभरांत सुमारें चौदा, मनोविकारानें आजारी निघाले; बहुतेकांची तक्रार मात्र डोकें, पोट, खोकला किंवा अशक्तपणा अशीच होती. तेथील आरोग्यसेवकांना आपल्या नेहमींच्या पद्धतीनें यांपैकीं एकतृतीयांशच ओळखतां आले. उरलेले अर्थातच पोटाचें किंवा डोक्याचें औषध घेऊन घरीं परतले.

घरच्या घरीं ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. पहिली, मन सतत उदास राहणें. दुसरी, ज्या गोष्टींत पूर्वीं गोडी होती त्यांत ती न राहणें. यांपैकीं एक तरी गोष्ट दोन आठवडे, बहुतेक दिवस आणि दिवसाचा बहुतेक वेळ टिकली, आणि तिच्या जोडीला झोप, भूक, उत्साह, लक्ष किंवा स्वतःविषयींचा विश्वास यांत बिघाड झाला, तर तें डॉक्टरास दाखविण्याजोगें दुखणें समजावें. घरांत मृत्यु झाला किंवा गारपिटीनें बाग झोपली म्हणजे दुःख होणारच. तो रोग नव्हे. दुःखाच्या लाटा येतात आणि ओसरतात. मध्येंच नातवाच्या बोलानें चेहरा उजळतो. रोगांत तो उजळत नाहीं, आणि ‘मीच नालायक, माझ्यामुळेंच घर बुडालें’ हा विचार पाठ सोडीत नाहीं.

तज्ज्ञ दूर, डॉक्टर जवळ

महाराष्ट्रांत सरकारचीं मोठीं मनोरुग्णालयें येरवडा, ठाणें, नागपूर आणि रत्नागिरी अशा चार ठिकाणीं आहेत. तीव्र रोग्यांसाठीं त्यांचा उपयोग मोठा आहे. परंतु ज्याची झोप उडाली आहे असा आटपाडीचा किंवा मेहकरचा शेतकरी तेथें जाईल ही अपेक्षा व्यर्थ होय. अंतर, खर्च आणि लोकांच्या जिभेचें भय या तिन्ही गोष्टी आड येतात. ही अडचण जाणत्या मंडळींनीं पूर्वींच ओळखली होती. १९७५ च्या सुमारास चंदीगडजवळील रायपूर राणी येथें आणि बंगळूरजवळील सकलवाडा येथें, खेड्यांतील साध्या दवाखान्यांतून मनोविकारांवर उपचार करण्याचे प्रयोग सुरू झाले. त्यांच्या अनुभवावर १९८२ सालीं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आंखण्यांत आला आणि पुढें कर्नाटकांतील बळ्ळारी जिल्ह्यांत त्याचा जिल्हावार नमुना तयार झाला. या सर्वांचें सूत्र एकच: मनाचा उपचार हा नेहमींच्या उपचारांतच मिसळून द्यावा, त्यासाठीं रोग्यास निराळ्या दारांत उभें करूं नये.

सूत्र चांगलें असलें तरी अंमल अपुरा राहिला. २०१५-१६ सालीं बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणींत असें आढळलें कीं, सामान्य मनोविकार असलेल्या दर शंभर माणसांपैकीं सुमारें ८५ जणांस उपचार मिळतच नव्हता. ज्या रोगांस औषध नाहीं त्यांची गोष्ट वेगळी. येथें औषध आहे, डॉक्टरहि जवळ आहे, तरी या दोहोंची गांठ पडत नाहीं.

घरच्या डॉक्टरास तज्ज्ञापेक्षां एक गोष्ट अधिक ठाऊक असते: घर. सुनेचें पहिलें बाळंतपण केव्हां झालें, म्हाताऱ्याचा रक्तदाब किती, थोरल्यानें वाटणी केव्हां मागितली, यंदा डाळिंबावर तेल्या पडला कीं नाहीं, हें त्याला विचारावें लागत नाहीं. त्याच्या दवाखान्याबाहेर बसलेल्या माणसाकडे पाहून कोणी बोटहि दाखवीत नाहीं, कारण तेथें सर्वच बसतात. मनाच्या रोग्यास याहून सोयीची जागा शोधून सांपडणार नाहीं.

गोव्यांतील प्रयोग

हा केवळ तर्क नव्हे, याचा चांगला पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यांतच मिळाला आहे. १९९६ सालीं तेथें स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेनें, डॉक्टर विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांच्या मार्गदर्शनाखालीं, ‘मानस’ नांवाचा एक मोठा प्रयोग केला. त्याचा निष्कर्ष २०१० सालीं ‘लॅन्सेट’ या प्रख्यात वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. वाचकांनीं कृषिसंशोधन केंद्रांतील वाफे पाहिले असतील: कांहीं वाफ्यांस नवें खत द्यावयाचें, कांहींस नेहमींचें, आणि कोणता वाफा कोणास हें चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचें. हा प्रयोग त्याच धर्तीवर झाला. १२ सरकारी आरोग्यकेंद्रें आणि १२ खाजगी डॉक्टरांचे दवाखाने असे २४ दवाखाने घेण्यांत आले आणि २,७९६ रोग्यांची नोंद झाली. निम्म्या दवाखान्यांत डॉक्टरांच्या जोडीला एकेक समुपदेशिका दिली. या बायका डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाहि नव्हत्या. स्थानिक मुली, ज्यांना दोन महिन्यांचें शिक्षण दिलें होतें. त्या रोग्याशीं बसून बोलत, दुखणें समजावून सांगत आणि तो परत येतो कीं नाहीं यावर लक्ष ठेवीत. गरज असेल तेथें औषध डॉक्टर देत, आणि अवघड रोग्यांसाठीं मनोविकारतज्ज्ञ अधूनमधून येत. उरलेल्या निम्म्या दवाखान्यांत अशी बाई नव्हती. तेथील डॉक्टरांना केवळ चांचणीचा निकाल कळविला जाई आणि उपचाराची मार्गदर्शक पुस्तिका दिली होती.

सहा महिन्यांनीं काय दिसलें? सरकारी केंद्रांत, जेथें समुपदेशिका होत्या तेथें निश्चित मनोविकार असलेल्यांपैकीं शेंकडा ६५.९ रोगी बरे झाले. जेथें नव्हत्या तेथें शेंकडा ४२.५. म्हणजे गर्दीच्या केंद्रांत, जेथें डॉक्टरास एका रोग्यास दोन मिनिटेंहि देतां येत नाहींत, तेथें साध्या शिकविलेल्या बाईनें मोठा फरक पाडला. खाजगी दवाखान्यांतील आंकडे मात्र निराळे निघाले आणि तेच आपल्या विषयाच्या दृष्टीनें अधिक बोलके आहेत. तेथें समुपदेशिका असलेल्या गटांत शेंकडा ६४.१ बरे झाले आणि नसलेल्या गटांत शेंकडा ६५.९, म्हणजे फरक पडलाच नाहीं. खाजगी डॉक्टरांकडे रोगी ओळखीनें आणि वर्षानुवर्षें येतात. डॉक्टर त्याला नांवानें हांक मारतो व चार शब्द अधिक बोलतो. अशा डॉक्टरास रोग एकदां दाखवून दिला म्हणजे तो स्वतःच पुष्कळसें काम पार पाडतो, असा अर्थ या आंकड्यांतून काढण्यास जागा आहे. गांवच्या डॉक्टरावर हल्लीं टीका फार होते. हें त्याच्या बाजूनेंहि सांगणें न्यायाचें होय.

त्याच संस्थेनें पुढें गोव्यांतील १० आरोग्यकेंद्रांत तीव्र खिन्नता असलेल्या ४९५ रोग्यांवर दुसरा प्रयोग केला, त्याचा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. यांतील उपचार शेतकऱ्यांना विशेष पटण्यासारखा आहे. खिन्न माणूस कामें सोडतो. कामें सोडल्यानें समाधान व लोकांची सोबत नाहींशी होते. त्यामुळें खिन्नता वाढते आणि आणखी कामें सुटतात. हें चक्र उलट फिरविण्यासाठीं रोग्यास ‘आधीं बरें वाटूं दे, मग काम कर’ असें न सांगतां, ‘आधीं लहानसें काम कर, बरें वाटणें मागून येईल’ असें सांगतात आणि त्याच्याबरोबर बसून दिवसाचीं लहान कामें ठरवितात. आज सकाळीं फक्त गोठ्यापर्यंत जावयाचें. उद्यां एका वाफ्यास पाणी द्यावयाचें. परवां बाजारच्या दिवशीं मित्राबरोबर चहा घ्यावयाचा. अशा सहा ते आठ भेटींनंतर, तीन महिन्यांनीं, शेंकडा ६४ रोगी खिन्नतेंतून बाहेर आले. ज्यांना केवळ नेहमींचा उपचार मिळाला त्यांत हें प्रमाण शेंकडा ३९ होतें.

अमरावतीकडील खेडीं

गोवा लहान आणि शिकलेला प्रांत. तेथें साधलें तें वऱ्हाडच्या कोरडवाहू मुलखांत साधेल काय, अशी शंका येणें रास्त आहे. तिचें उत्तर अमरावती जिल्ह्यांतील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नांवाच्या उपक्रमानें दिलें; त्याचा अहवाल २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. गांवांतल्याच कार्यकर्त्यांनीं घरोघर जाऊन आणि लहान सभा घेऊन लोकांना या दुखण्याची ओळख करून दिली, शिकविलेल्या समुपदेशकांनीं रोग्यांशीं बोलण्याचें काम केलें आणि जरूर त्यांना डॉक्टरांकडे पाठविलें. आरंभीं खिन्नता असलेल्या शंभर माणसांपैकीं चारच जण कोणाकडे तरी मदतीसाठीं जात; अठरा महिन्यांनंतर सत्तावीस जाऊं लागले. खिन्नतेचें प्रमाण शेंकडा १४.६ वरून ११.३ वर आलें, आणि गेल्या वर्षभरांत आत्महत्येचा विचार मनांत आल्याचें सांगणारे शेंकडा ५.२ होते ते २.५ झाले. येथें तुलनेसाठीं निराळीं गांवें घेतलेलीं नव्हतीं, म्हणून सारें श्रेय या उपक्रमासच देतां येणार नाहीं. तथापि ज्या मुलखांतून वर्तमानपत्रांत केवळ वाईट बातम्या येतात, तेथील माणसें मदत मिळाल्यास ती घेतात, एवढें तरी यावरून सिद्ध होतें.

डॉक्टरांकडे गेल्यावर

आतां प्रत्यक्ष उपयोगाच्या गोष्टी सांगतों. पहिली गोष्ट, डॉक्टरांकडे बाजारच्या दिवशीं जाऊं नये. ज्या वेळीं गर्दी कमी असते ती वेळ विचारून घ्यावी आणि बायको, भाऊ किंवा मुलगा यांपैकीं एकास बरोबर न्यावें. दुसरी, शरीराची तक्रार सांगून झाल्यावर एक वाक्य जरूर उच्चारावें: ‘डॉक्टरसाहेब, झोप येत नाहीं आणि मन कशांत लागत नाहीं.’ या एका वाक्यानें डॉक्टरांचें लक्ष योग्य दिशेला वळतें. रोगी तें बोलत नसेल तर बरोबरच्यानें बोलावें. तिसरी, दारू किती घेतो तें खरें सांगावें. दारूनें झोप लागते असें वाटतें, परंतु ती पहांटे मोडते आणि खिन्नता वाढते. चौथी, पूर्वींपासून चालू असलेल्या सर्व गोळ्यांचीं पाकिटें दाखवावींत.

चांगला डॉक्टर आधीं शरीराचीं कारणें पाहील. रक्त कमी असणें, थायरॉईडचा बिघाड, मधुमेह, ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनींहि माणूस थकतो आणि उदास होतो, म्हणून रक्ताची साधी तपासणी करून घेण्यास कुरकुर करूं नये. परंतु तपासणींत कांहीं निघालें नाहीं म्हणजे ‘तुम्हांला कांहीं झालेलें नाहीं’ असा त्याचा अर्थ होत नाहीं. येथेंच पुष्कळ रोगी निराश होऊन दुसऱ्या, तिसऱ्या दवाखान्याच्या पायऱ्या चढूं लागतात आणि प्रत्येक ठिकाणीं सलाईन व ताकदीचीं इंजेक्शनें घेऊन पैसा घालवितात. सलाईननें मनाची खिन्नता जात नाहीं. जो डॉक्टर सलाईन न लावतां पंधरा मिनिटें विचारपूस करतो, त्याची फी वांया गेली असें मानूं नये.

औषधाविषयीं दोन शब्द

खिन्नतेवरील औषधें झोपेच्या गोळ्यांहून भिन्न आहेत, हा भेद प्रत्येक घरांत माहीत असला पाहिजे. फ्लुओक्सेटीन, एस्सिटालोप्राम यांसारख्या औषधांची दारूसारखी चटक लागत नाहीं. मात्र त्यांचा गुण लागलीच येत नाहीं. दोन ते चार आठवडे लागतात. खत टाकल्यावर दुसऱ्या दिवशीं पीक हिरवें झालें नाहीं म्हणून कोणी तें उपटून टाकीत नाहीं. तोच धीर येथें धरावा. पहिल्या आठवड्यांत मळमळ, डोकेंदुखी किंवा थोडी अस्वस्थता होण्याचा संभव असतो. ती बहुधा आपोआप जाते. अस्वस्थता फार वाढली किंवा मरणाचे विचार बळावले तर मात्र त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. बरें वाटूं लागल्यावर औषध सोडणें ही सर्वांत सामान्य चूक होय. गुण आल्यानंतरहि सहा ते नऊ महिने, कित्येकांस त्याहून अधिक काळ, औषध चालू ठेवावें लागतें, आणि बंद करावयाचें तें डॉक्टरांच्या सांगण्यानें हळूहळू कमी करीत. सौम्य दुखण्यांत औषधाशिवाय, केवळ बोलण्याच्या व दिनक्रम बांधण्याच्या उपचारानेंहि भागतें.

झोपेच्या गोळ्यांची गोष्ट निराळी. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या पहिल्या रात्रींच गुण देतात, म्हणून रोगी त्यांवर खुष असतो. परंतु कांहीं आठवड्यांत त्यांची संवय लागते आणि मूळ खिन्नता तशीच राहते. अशा गोळ्या डॉक्टरांनीं थोड्या दिवसांसाठीं दिल्या तर घ्याव्या. दुकानांतून आपल्या मनानें आणूं नयेत, आणि बरेच महिने चालू असतील तर एकाएकीं बंदहि करूं नयेत.

देवदर्शन, नवस, वारी यांना कोणाची हरकत नाहीं; त्यांतून मनाला आधार मिळतो. हरकत आहे ती औषध टाकून केवळ भगताच्या अंगाऱ्यावर विसंबण्यास, आणि रोग्यास मारझोड किंवा उपाशी ठेवण्यास.

केव्हां थांबूं नये

कांहीं प्रसंगीं घरच्या डॉक्टरानें रोग्यास तज्ज्ञाकडे पाठविलेंच पाहिजे. नसलेले आवाज ऐकूं येणें, घरचींच माणसें विष घालतात असा संशय, रात्र रात्र न झोपतां अखंड बडबड व उधळपट्टी, अन्नपाणी सोडणें, आणि बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत बाईच्या बोलण्या-वागण्यांत एकदम झालेला फरक, हीं लक्षणें होत. बाळंतिणीच्या बाबतींत ‘वारें लागलें’ म्हणून दिवस काढणें आई व मूल दोघांच्याहि जिवास धोक्याचें असतें.

मरणाच्या विचाराविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. ‘असा विचार मनांत येतो काय?’ हें विचारल्यानें तो विचार मनांत भरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्यानें माणसाचा भार हलका होतो. कोणी ‘मी नसलों तर तुम्ही सुखी व्हाल’ असें बोलूं लागला, जमिनीचे व देण्याघेण्याचे कागद एकाएकीं आवरूं लागला, तर त्याला एकटा ठेवूं नये आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें. पिकांवरील विषारी औषधें घरांत ठेवूं नयेत. तीं कुलुपांत असावींत, किल्ली दुसऱ्या जबाबदार माणसाकडे असावी, आणि गरजेपुरतीच आणावींत. ती अनिवार घडी पुष्कळदां थोड्या वेळाचीच असते. ती टळली तर माणूस वांचतो. श्रीलंकेंत अत्यंत विषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यानंतर १९९५ ते २००५ या दहा वर्षांत आत्महत्यांचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें, हें उदाहरण बोलकें आहे.

रात्रीं-अपरात्रीं डॉक्टर न मिळाल्यास १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. ‘टेली-मानस’ नांवाची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. ती अहोरात्र चालते, तिला पैसे पडत नाहींत आणि मराठींत बोलतां येतें. पोलिसांच्या भयानें कित्येक घरें असा प्रसंग लपवितात. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें अशा माणसास तीव्र मानसिक ताणाखालीं असलेला समजून त्याला शिक्षा न करतां उपचार द्यावे असें ठरविलें. आणि जुन्या दंडसंहितेंतील ३०९ वें कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत घेतलेलें नाहीं. तेव्हां लपविण्याचें कारण उरलेलें नाहीं.

मंडळींनीं काय करावें

शेतकऱ्यांच्या संस्थांनीं या बाबतींत बरेंच करण्यासारखें आहे आणि त्यास खर्च फारसा नाहीं. वर्षांतून एकदां, खरिपाच्या पेरणीपूर्वीं, गांवच्या किंवा आरोग्यकेंद्राच्या डॉक्टरास सभेस बोलावून या विषयावर अर्धा तास बोलावयास सांगावें. ज्या सभासदाचें पीक गेलें असेल किंवा ज्याच्या घरीं जप्तीची नोटीस आली असेल त्याच्याकडे दोघां वडीलधाऱ्यांनीं स्वतः जावें. वसुलीचा विषय न काढतां झोप व जेवण यांची चौकशी करावी, आणि आवश्यक तर त्याला आपल्या गाडींतून डॉक्टरांकडे न्यावें. घरांतील बायकांची विचारपूस बायकांनीं करावी. शेतांतलें व चुलीपुढचें काम करून थकलेल्या सुनेचें दुखणें पुष्कळदां कोणाच्याच हिशेबांत नसतें. आणि जो सभासद असा उपचार घेऊन बरा झाला असेल त्याचा उल्लेख कुत्सितपणें कोणी करूं लागल्यास त्यास तेथल्या तेथें थांबवावें.

घरोघर एवढें तरी व्हावें कीं, जनावराच्या वैरणीवर आपली जशी नजर असते तशीच माणसांच्या झोपेवर व भुकेवर असावी. पंधरा दिवस बिघाड दिसला तर सोळाव्या दिवशीं नेहमींच्या डॉक्टरांची वेळ ठरवावी आणि रोग्याबरोबर कोणी तरी जावें. दुखणें लौकर ओळखल्यास तें बहुतेक ठिकाणीं तालुक्याच्या गांवींच, साध्या औषधानें व थोड्या बोलण्यानें बरें होतें. आणि पुढच्या हंगामांत तोच माणूस आपल्या पायांनीं बांधावर उभा राहतो.